फोन करण्याआधी

पट्टीसाहेबांनी रविवारी सकाळी नऊ वाजता ताईला फोन करायचं ठरवलं. ठरवण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. हाच फोन ते गेली सहा वर्षं दर रविवारी ठरवत होते. पण आज टाळून चालणार नव्हतं. ताई घर सोडून कायमची लांब लेकीकडे निघाली होती आणि सामानाचा ट्रक चार वाजता येणार होता.

भांडण झालं होतं एका फळीवरून. दोघं गवंड्याची मुलं, त्यामुळे सरळ-वाकडं हा घरात अब्रूचा प्रश्न. त्यातून हे नोकरीत नकाशे काढत आणि खिशात कायम पट्टी बाळगत. नावही त्यावरूनच पडलेलं. त्यांनी ताईच्या स्वयंपाकघरात फळी ठोकली.

"वाकडी आहे," ताई म्हणाली.

"तुझी नजर वाकडी आहे."

"बाबा असते तर उपटून फेकली असती."

हे मात्र जिव्हारी लागलं. बाबांची पाणसळ, म्हणजे काचेच्या नळीतला बुडबुडा मधोमध आला की सरळ असं सांगणारं अवजार, तिथेच ताईच्या कपाटात होती. पण ती लावून बघायच्या आतच पट्टीसाहेब चपला घालून निघाले होते. तेव्हापासून अबोला.

"'ताई, चुकलं माझं.' झालं! तीन शब्द," बायको म्हणाली. "दात घासायला जास्त वेळ लागतो तुम्हाला."

"करतो ना. आधी ही खुर्ची बघू दे. कुरकुरते. माफी मागताना मध्येच कुरकुरली तर ताईला वाटेल, मीच तोंडातल्या तोंडात काहीतरी बोलतोय."

खुर्चीचा स्क्रू पिळायला स्क्रू ड्रायव्हर हवा. तो कपाटाच्या ड्रॉवरमध्ये. ड्रॉवर काही केल्या निघेना. पट्टीसाहेबांनी भिंतीला पाय लावून ओढला, तेव्हा निघाला. फक्त सोबत कपाटही आलं. नवरा-बायकोने ते छातीवर झेललं, पण कपाटाचा एक पाय मोडला. पायाखाली जाडजूड पुस्तकं घातली, तर कपाट डुलायला लागलं. ते हलकं करावं म्हणून कपडे काढून जेवणाच्या टेबलावर ठेवले, टेबलावरची भांडी पलंगावर गेली आणि पलंगावरच्या गाद्या बाल्कनीत. बसायला जागा म्हणून एक खुर्ची तेवढी उरली. बायको तिच्यावर बसली आणि खुर्ची कुरकुरली.

"दोन वाजले हो."

"कपाट एका रेषेत आल्याशिवाय माझं डोकं चालणार नाही. हे नुसत्या नजरेने जमायचं नाही. पाणसळ पाहिजे."

"पाणसळ कुणाकडे आहे?"

पट्टीसाहेबांनी खिशातली पट्टी काढून उगाच कपाटाला लावली.

"मग करा फोन आणि मागा."

"फोन?" त्यांना दरदरून घाम फुटला. "फोन नको गं बाई! त्यापेक्षा मी जाऊनच घेऊन येतो."

बायकोने कपाळाला हात लावला, पण दुसऱ्या हाताने दार पटकन उघडून दिलं.

हातात पिशवी घेऊन ते ताईचा जिना चढले. काय बोलायचं ते पाठ केलं होतं: कपाट डुलतंय, पाणसळ दे, निघतो. त्यांनी घंटी वाजवली. ताईने दार उघडलं. तिच्या नाकाला पिवळा रंग होता आणि हातात ब्रश. मागे एकही वस्तू बांधलेली नव्हती.

"अगं, एवढ्यात ट्रक येईल तुझा! सोडायच्या घराला रंग कसला देतेस?"

"तुला फोन करायचा होता रे, बाळ्या," ताई म्हणाली. "म्हटलं, आधी समोरचा डाग पुसू, बोलताना सारखी नजर जाते. डाग पुसला तर रंगच निघाला. मग ती भिंत रंगवली, तर बाकीच्या मळकट दिसायला लागल्या. चार दिवस हेच चाललंय."

पाठ केलेलं सगळं पट्टीसाहेब विसरले. "ताई, चुकलं माझं," ते म्हणाले. "फळी वाकडीच होती." आणि त्यांचे डोळे भरून आले.

ताईने पाणसळ आणून त्यांच्या हातात दिली. फळी जागेवरच होती. त्यांनी पाणसळ तिच्यावर ठेवली. बुडबुडा जरासा डुलला आणि बरोबर दोन रेघांच्या मध्ये येऊन थांबला. फळी सरळ होती! सहा वर्षं सरळ होती! पट्टीसाहेबांची छाती फुगली. मग त्यांनी पिवळ्या नाकाच्या बहिणीकडे पाहिलं आणि हळूच बुडबुड्यावर अंगठा ठेवला.

"वाकडी आहे," ते म्हणाले. "चांगली बोटभर."

"अंगठा काढ, मेल्या!" ताई रडता रडता हसली. "तू गेलास त्याच संध्याकाळी मी लावून बघितली होती. मग कुठल्या तोंडाने फोन करणार होते?"

खाली ट्रकचा हॉर्न वाजला. ताईने हाताला येईल ते चादरीत टाकायला सुरुवात केली. पट्टीसाहेबांनी बाह्या सरसावल्या, तेवढ्यात खिशातला फोन वाजला. बायको होती.

"काय हो, केलात का ताईंना फोन?"

पट्टीसाहेबांनी समोर बघितलं. ताई पाणसळ आपल्या लुगड्यात जपून गुंडाळून त्यांच्याच पिशवीत ठेवत होती.

"अजून नाही," ते म्हणाले. "आधी तिचं सामान बांधतो."