तबकडीवरचा खोकला

चष्मेवाल्यांचं म्हणणं असं, की जगात माणसं दोनच प्रकारची. एक, जी रेकॉर्ड ऐकतात. दुसरी, जी रेकॉर्डवर असतात. "आणि मी," स्वतःच्या छातीवर बोट ठेवून ते म्हणायचे, "दुसऱ्या प्रकारातला!"

आता, हे गृहस्थ गात नव्हते. वाजवत तर अजिबातच नव्हते. त्यांचं चष्म्याचं दुकान होतं आणि ते बरं चालत होतं. पण रेकॉर्डवर ते होते, हे मात्र खरं. रेकॉर्डवर त्यांचा खोकला होता.

झालं होतं असं. लग्न ठरल्यावर होणाऱ्या बायकोला घेऊन चष्मेवाले जॅझच्या एका मैफिलीला गेले होते. चार वादक : ट्रम्पेट, पियानो, ड्रम आणि कपाटाएवढा तो बास, जो वाजवायला आधी त्याला मिठी मारावी लागते. त्या मैफिलीची पुढे रेकॉर्ड निघाली. तिच्या दुसऱ्या बाजूला बासवाला एकटाच वाजवत असतो, अख्खं सभागृह श्वास रोखून बसलेलं असतं, आणि तेवढ्यात खणखणीत आवाज येतो, "खॉक्!"

हा खोकला चष्मेवाल्यांचा. त्या दिवशी सर्दी होती, खोकल्यावर आपण आजूबाजूच्यांना "माफ करा, माफ करा" म्हणालो, हेही त्यांना लख्ख आठवत होतं.

दर रविवारी संध्याकाळी दुकानाच्या मागच्या खोलीत, डोळे तपासायच्या तक्त्याखाली, मंडळी जमायची. त्यात पहिले गिअरराव. यांचं ड्रायव्हिंग स्कूल. माणूस कट्टर रॉकचा! शिकाऊ मंडळींना ते क्लचसुद्धा ड्रमच्या ठोक्यावर सोडायला लावायचे. दुसरे घशाचे डॉक्टर. त्यांना संगीतातलं काही कळत नव्हतं, पण या खोलीत कुणी त्यांच्यापुढे 'आ' करत नाही, एवढ्यासाठी ते यायचे. तिसरा चष्मेवाल्यांचा मेहुणा. तो सगळ्यालाच मान डोलवायचा. दोन गाण्यांच्या मधल्या खरखरीलासुद्धा!

"मी पहिली रॉकची रेकॉर्ड घरी आणली ना," गिअरराव सांगायचे, "गिटार सुरू झाल्याबरोबर आमच्या वडिलांनी धावत जाऊन मेन स्विच पाडला! त्यांना वाटलं, वायरिंग जळतंय. रेकॉर्ड रडत रडत थांबली. तर वडील म्हणतात, बघ, वेळेवर बंद केला म्हणून घर वाचलं!"

"त्यांचं बरोबरच होतं," चष्मेवाले म्हणायचे. "रॉक म्हणजे काय? चार जणांनी मिळून एकच दार बडवायचं."

"आणि जॅझ म्हणजे चार जणांनी चार दारं बडवायची, आणि मग एकमेकांना विचारायचं, घर नक्की कुणाचं? अहो, इंडिकेटर डावीकडचा देतात आणि वळतात उजवीकडे!"

"त्याला कल्पकता म्हणतात!"

"आमच्याकडे त्याला नापास म्हणतात!"

असं हातघाईवर आलं, की चष्मेवाले ती रेकॉर्ड लावायचे. बास सुरू झाला की उजव्या हाताचं बोट हळूहळू वर जायचं. आणि "खॉक्!" झालं की ते म्हणायचे, "हा मी!" मेहुणा टाळ्या वाजवायचा. चष्मेवाले घराच्या बाजूच्या दाराकडे वळून ओरडायचे, "काय गं, खोकला होता की नाही?" आतून बायको म्हणायची, "होता हो, होता!" विषय संपायचा.

तर चष्मेवाल्यांचा वाढदिवस आला. रॉक-जॅझचं वैर असलं तरी गिअररावांचा जीव मित्रावर. त्यांनी शहरभर हिंडून भेट आणली. तीच रेकॉर्ड, पण नवी कोरी छपाई!

"सगळी धुऊन पुसून काढलीय म्हणे," गिअरराव कौतुकानं म्हणाले. "खरखर नाही, चरचर नाही. लावा, लावा!"

रेकॉर्ड लागली. आवाज असा, की वादक समोरच्या खुर्चीत येऊन बसलेत. ट्रम्पेट लख्ख, पियानो लख्ख. बास सुरू झाला. बोट वर गेलं.

आणि वरच राहिलं.

बास संपला. ट्रम्पेट परत आला. मेहुण्यानं सवयीनं टाळी वाजवायला घेतलेले हात हवेतच धरून ठेवले. चष्मेवाल्यांनी सुई उचलली, फुंकर मारली, परत ठेवली. पुन्हा तेच. खोकला नाही!

"माझा खोकला कुठंय?"

"गेला असेल तर चांगलंच आहे," डॉक्टर पेंगत म्हणाले. "खोकला जाणं हे बरं लक्षण."

"गिअरराव! माझा खोकला कुठंय?"

"अहो, ती साफ केलेली आहे," गिअरराव चाचरले. "त्या साफसफाईत केराबरोबर गेला असेल..."

"केर? माझा खोकला म्हणजे केर?" चष्मेवाल्यांचा स्वतःचाच चष्मा नाकावरून घसरला. "हे तुम्ही मुद्दाम केलंत! जॅझमधून मला काढून टाकायचा हा रॉकवाल्यांचा डाव आहे!"

"मुद्दाम? एवढा हिंडलो ते मुद्दाम? घ्या! चांगलं करायला जावं तर!"

"चालते व्हा!"

गिअरराव चालते झाले. तेही असे, की बाहेर त्यांची गाडी तीनदा बंद पडली. ड्रायव्हिंग स्कूलच्या मालकाची! यावरून त्यांच्या मनाला किती लागलं असेल ते ओळखा.

चष्मेवाले मात्र पेटून उठले. जुनी रेकॉर्ड घरात होतीच, पण तेवढ्यावर समाधान कसलं? नवी रेकॉर्ड आता घरोघर जाणार, आणि प्रत्येक घरात चष्मेवाले नसणार! खोकल्याशिवाय ती मैफल अपुरी आहे, हे लोकांना ऐकवलंच पाहिजे. नवी रेकॉर्ड लावायची आणि नेमक्या जागी आपण स्वतः खोकायचं!

सराव सुरू झाला. सकाळी दात घासताना "खॉक्!" दुकानात काच बसवताना "खॉक्!" कधी सूर खाली लागायचा, कधी ठोका चुकायचा. एका बाईंना ते म्हणाले, "तक्त्यावरची खालची ओळ वाचा... खॉक्!... नाही, हे जरा लांबलं." बाई ओळ न वाचताच गेल्या.

गिऱ्हाइकं दारातून परत जायला लागली. बातमीला काय, पाय फुटायचीच खोटी! "चष्मेवाल्यांना काहीतरी झालंय." "छातीचं आहे म्हणे." "बोलता बोलता खोकतात आणि मग मान हलवतात, म्हणजे त्यांना स्वतःलाच आशा नाही." लोकांनी डॉक्टरांना गाठलं. डॉक्टर तत्त्वाचे पक्के. ते गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "पेशंटबद्दल मी कुणाशीही बोलत नाही." झालं! लोकांनी निम्मी आशा सोडली.

घरी सफरचंदं यायला लागली. मेहुणा पाय न वाजवता आला. रेकॉर्डच्या कपाटाकडे बघत हळूच म्हणाला, "भावजी, एवढं सगळं तुम्ही... म्हणजे पुढं... कुणीतरी सांभाळायला हवं ना?"

"कशाला? मी आहे की. खॉक्!"

मेहुण्यानं डोळे पुसले.

आणि मग एका दुपारी चष्मेवाले जेवून जरा आडवे झाले होते, तर दारात गिअरराव उभे. दाढी वाढलेली, डोळे लाल. खुर्चीवर बसायच्या आधीच त्यांना हुंदका आला.

"मी तुमचा जीव घेतला हो! ती मेली रेकॉर्ड आणली नसती तर ही वेळच आली नसती. त्या धक्क्यानंच तुमच्या छातीनं..."

चष्मेवाले चकित झाले. "अहो, मला काही..." असं ते म्हणायलाच निघाले होते. पण तेवढ्यात गिअरराव पुढे म्हणाले, "जॅझ चांगलं असतं!"

चष्मेवाल्यांनी वाक्य गिळलं. इतक्या वर्षांत हे शब्द त्या तोंडून आले नव्हते! ते उशीला टेकले आणि क्षीण आवाजात म्हणाले, "पुन्हा म्हणा."

"जॅझ चांगलं असतं. रॉकपेक्षासुद्धा... थोडं... चांगलं असतं." गिअररावांना शब्द दाढ उपटावी तसे काढावे लागत होते. "तुमची काही इच्छा असेल तर सांगा."

आता खरं सांगावं, की आणखी थोडं ऐकून घ्यावं? मोह वाईट! चष्मेवाल्यांनी डोळे मिटले. "एकच आहे. नवी रेकॉर्ड सगळ्यांसमोर लागावी. आणि त्या जागी मी खोकावं. बस्स."

स्वयंपाकघरातून बायको हे ऐकत होती. गिअरराव गेल्यावर ती बाहेर आली. "अहो, त्या बिचाऱ्याला खरं सांगा. रडून रडून अर्धा झालाय."

"कार्यक्रम झाला की सांगतो. तोवर म्हणू दे जॅझ चांगलं."

गिअररावांनी काही बाकी ठेवलं नाही! स्कूलचा हॉल झाडून घेतला. 'वाहन सावकाश चालवा' या पाट्यांच्या मध्ये पुरुषभर उंचीचे स्पीकर उभे केले. आजी-माजी शिकाऊ, गिऱ्हाइकं, शेजारपाजारी, सगळे आले आणि हळू आवाजात बोलत बसले. चष्मेवाल्यांना मधोमध आरामखुर्ची. त्यांनी ती नको नको म्हणत पटकावली.

कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी डॉक्टर लगबगीनं आले. "आ करा." सवयीनं चष्मेवाल्यांनी 'आ' केला, तर डॉक्टरांनी चमचाभर काहीतरी काळं, चिकट, कडू घशात ओतलंसुद्धा!

"हे काय?"

"माझं सगळ्यात जालीम औषध," डॉक्टर प्रेमानं म्हणाले. "आज तुमचा मोठा दिवस. आता निश्चिंत बसा. संध्याकाळभर खोकल्याचं नाव निघणार नाही!"

"अहो, पण मला खोकायचंय!"

"असं वाटतं सुरुवातीला," म्हणून डॉक्टर जागेवर जाऊन बसले.

सुई टेकली. चष्मेवाले घाबरून आवंढे गिळत होते. प्रत्येक आवंढ्याला घसा जास्तच गुळगुळीत होत होता, तूप लावल्यासारखा! ट्रम्पेट झाला, पियानो झाला. बास सुरू झाला. त्या थोराड स्पीकरांतून एक खोल, घरघरता सूर असा निघाला, की खिडकीच्या काचा थरथरल्या. लोकांच्या अंगावर काटा आला. चष्मेवाल्यांचं बोट वर गेलं.

जागा आली. चष्मेवाल्यांनी छाती भरून घेतली, तोंड उघडलं, गाल फुगवले. आणि बाहेर आली ती नुसती हवा. "हाऽऽ..."

गिअररावांनी डोळ्यांवर हात घेतला. मेहुणा उभा राहिला.

"खॉक्!"

तोच खोकला! तोच सूर, तोच ठोका, शेवटी तेवढंच बारीक टोक निघालेलं. मागच्या शेकडो रविवारी ऐकलेला, अगदी तोच!

सगळ्यांनी माना वळवल्या. बायकांच्या रांगेत चष्मेवाल्यांची बायको तोंडावर पदर धरून बसली होती.

"अगं," चष्मेवाले उभे राहिले, "माझा खोकला तुला कसा जमला?"

"तुमचा कुठला? माझाच आहे तो!"

कुणीतरी घाईनं सुई उचलली.

"त्या मैफिलीत तुम्ही झोपला होतात," बायको म्हणाली. "बास सुरू झाल्याबरोबर मान माझ्या खांद्यावर! पुढच्या रांगेतले वळून वळून बघायला लागले. हाक मारायची तर लाज, आपलं नुकतंच ठरलेलं. म्हणून मी खोकले. तुम्ही दचकून जागे झालात आणि आपणच खोकलो असं समजून सगळ्यांची माफी मागत सुटलात!"

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"तुम्ही इतक्या हौसेनं सांगायचात. खोकला घरातलाच होता ना, कुणाच्या का नावावर असेना! आणि..." ती जरा अडखळली, "तुम्ही घोरता हे लग्नाआधीच ठाऊक होतं असं कबूल केलं असतं, तर मला पुढं तक्रार करायला तोंड राहिलं नसतं."

गिअररावांनी डोळ्यांवरचा हात काढला. "घोरतात? बासच्या वेळी?" ते पळतच रेकॉर्डकडे गेले. सुई जरा मागे ठेवली. तो खोल, घरघरता सूर पुन्हा आला. काचा पुन्हा थरथरल्या. यावेळी सगळ्यांनी नीट ऐकलं. बासवाला सूर बदलत होता, पण घरघर काही बदलत नव्हती. आत जाताना घर्रर्र, बाहेर येताना फुस्स्.

गिअररावांनी कव्हर डोळ्यांजवळ नेऊन वाचलं. "इथं लिहिलंय, 'बासचा हा विलक्षण गंभीर सूर आजवर इतका स्पष्ट कधीच ऐकू आला नव्हता.' म्हणजे खोकला घाण म्हणून काढला, आणि घोरणं संगीत म्हणून ठेवलं!"

हॉलभर हशा उसळला. शिकाऊ मंडळी एकमेकांच्या पाठीवर थापा मारायला लागली. गिअररावांना हसू आणि राग दोन्ही एकदम आले. "म्हणजे तुम्ही आजारी नाही?"

"नाही," चष्मेवाले पुटपुटले.

"मग मी जे काही जॅझबद्दल बोललो, ते सगळं परत घेतो! सगळ्यांसमोर!" असं म्हणून त्यांनी मित्राला अशी मिठी मारली, की आरामखुर्ची मोडली.

चष्मेवाले जमिनीवर बसल्या बसल्या हळूहळू खुलत गेले. खोकला गेला तर गेला. खोकला म्हणजे काय, एक ठिपका! इथं तर अख्खा बास आपला होता!

डॉक्टर जवळ येऊन वाकले. आज त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच संगीताची गोडी दिसत होती. "अहो, घोरण्याला हल्ली चांगला इलाज आहे. उद्या दवाखान्यात या, कायमचं बंद करून टाकतो."

"खबरदार!" चष्मेवाले गरजले. "वादकाचं वाद्य कुणी काढून घेतं का? मी रोज रात्री रियाज करणार!"

"करा की," बायको शांतपणे म्हणाली आणि पर्स उचलून उभी राहिली. "मी आजपासून दुकानाच्या मागच्या खोलीत झोपते."