तक्रार खिडकीसाठी माऊथवॉश

पाणीपुरवठ्याच्या कामात पाणी ही दुय्यम बाब असते. पाणी कधी येतं, कधी येत नाही. तक्रार मात्र बारमाही असते. म्हणून कोणतीही जाणती संस्था टाकीच्या आधी तक्रार खिडकी बांधते. उचगावच्या आमच्या हरितधारा सहकारी पाणीपुरवठा संस्थेनं तर खिडकीचं उद्घाटन टाकीच्या चार वर्षं आधी केलं होतं, आणि ती चारही वर्षं खिडकी उत्तम चालली होती.

मी, गुंडू शेळके, या संस्थेच्या नोंद विभागात कारकून आहे. पुढील हकिकतीची फाइल (पाने दोनशे चौदा, एक डाग) माझ्याच हस्ताक्षरात असल्यामुळं ती खरी मानण्यास हरकत नाही.

खिडकीवर हेडक्लार्क आकाराम चौगुले एकोणीस वर्षं बसत होते. सन दोन हजार एकच्या पाहणीनुसार तक्रारदार त्या खिडकीपाशी सरासरी अडतीस सेकंद थांबे. तो तावातावानं यायचा, आकारामभाऊ आपुलकीनं खिडकीतून पुढं वाकून "हं, बोला पावणं" म्हणायचे, आणि घरी अजून निम्मा हंडा पाणी शिल्लक असल्याचं पावण्याला एकदम आठवायचं. महिन्याला जेमतेम अकरा तक्रारी नोंदल्या जात. त्याबद्दल संस्थेला तीन वर्षं ओळीनं ढाल मिळाली. इचलकरंजीकडच्या एका संस्थेचं अभ्यासमंडळ ही पद्धत बघायला आलं आणि चौथ्या मिनिटाला बाहेर पडलं. शेरेबुकात त्यांनी लिहिलं, 'पद्धत परिणामकारक आहे, परंतु आमच्याकडे तसा माणूस नाही.'

आकारामभाऊंनी ते पान घरी नेऊन बायकोला दाखवलं होतं. लोकांचं समाधान आपल्या बोलण्यानं होतं, असं त्यांना मनापासून वाटायचं. यात त्यांची चूक नव्हती. त्यांना तसं न वाटू देण्याची जबाबदारी आमच्यापैकी कुणाकडंही लेखी सोपवलेली नव्हती.

त्या मे महिन्यात धोंडुबाई आली. मळ्याच्या बाजूच्या गल्लीतली, साठीची, उंच बाई. तिच्या गल्लीला नऊ दिवस पाणी नव्हतं. आकारामभाऊ नेहमीप्रमाणं पुढं वाकले. धोंडुबाईनं पदर नाकाला लावला, पण ती हलली नाही.

"सायेब, पान्याचं ऱ्हाऊ दे," ती म्हणाली, आणि तिचं ऱ्हाऊ दे रस्त्यापलीकडच्या पिठाच्या गिरणीत ऐकू गेलं. "आदी ह्ये त्वांड कुणाला तरी दावा की! आत काय मरून पडलंय व्हय?"

आकारामभाऊंनी खिडकीची फळी हळूच लावून घेतली. मग ते मागं वळले आणि आमच्याकडं बघू लागले. कनिष्ठ अभियंता नागसेन कांबळे पंख्याची पाती मोजू लागला. मीटर तपासनीस मीरासाब टेबलाखाली पडलेली एक टाचणी शोधायला वाकला. ती टाचणी पडलेली नव्हती. मी नोंद केली.

घरी गेल्यावर त्यांनी बयाबाईला, म्हणजे बायकोला, दारातूनच विचारलं. हे त्यांनी पुढं मला स्वतः सांगितलं, म्हणून फाइलीत आहे.

"माझ्या तोंडाला वास येतोय, ह्ये खरं हाय?"

बयाबाई भाकरी थापत होती. तिचा हात थांबला. "मला वाटलं, तुमास्नी ठावं हाय," ती म्हणाली.

"कवापास्नं?"

"थोरलीचं बारसं झालं तवापास्नं."

थोरलीच्या लग्नाला त्या वर्षी दोन वर्षं झाली होती. आकारामभाऊ उंबऱ्यावरच बसले. इतकी वर्षं आपण जेवायला बसलो की बायको वाढून चुलीपाशी का जाते, हे त्यांना त्या दिवशी कळलं. ते तिला लाजाळू समजत होते.

दुसरा एखादा माणूस खचला असता. आकारामभाऊ हेडक्लार्क होते. त्यांनी अर्ज केला. 'तोंड धुण्याच्या योग्य द्रवाची निवड करणेबाबत व तत्पूर्वी त्याचे संभाव्य दुष्परिणाम तपासणेबाबत समिती नेमावी.' आमच्या चेअरमनसाहेबांनी लगेच सही केली. समितीला ते कधीच नाही म्हणत नाहीत, कारण संस्थेच्या कुठल्याही समितीनं आजवर काही केलेलं नव्हतं. नागसेन अध्यक्ष झाला, कारण त्यानं विज्ञान शाखेतून पदवी घेतली होती. मीरासाब सदस्य, आणि मी सचिव.

समितीपुढं तीन बाटल्या आल्या: एक निळी, एक हिरवी, एक गुलाबी. बयाबाईनं चौथा पर्याय म्हणून कोमट पाण्यात मीठ आणि एक लवंग सुचवली होती. त्यावर समितीनं दोन बैठका घेतल्या आणि पर्याय एकमतानं फेटाळला. मिठाच्या पाण्यासोबत माहितीपत्रक येत नाही. ज्याचे दुष्परिणाम कुठंही छापलेले नाहीत, ते तोलायचे कसे? छापील धोका केव्हाही परवडतो.

निळ्या बाटलीच्या पत्रकात 'जळजळ' आणि 'तोंडास कोरड' हे दुष्परिणाम होते. कोरड पडल्यास तोंडाला वास येऊ शकतो, असंही त्यात लिहिलं होतं. म्हणजे वासावर हा द्रव घ्यायचा आणि या द्रवानं पुन्हा वास यायचा. नागसेनच्या मते हे तत्त्वतः कायमस्वरूपी होतं. शिवाय त्यात अल्कोहोल होतं. मीरासाब म्हणाला, "थुकलं तरी तोंडातनं गेलंच की. आमची बायको अमीरबी माझ्या शर्टाचा वास घेती, तिला काय पत्रक दाखवू?" त्याचा आक्षेप नोंदवला गेला. तरीही आकारामभाऊंनी निळी बाटली एक दिवस वापरून बघितली. चेअरमनसाहेबांनी त्यांना सकाळी साडेदहाला बोलावून "आकाराम, कवापास्नं सुरू केलंस?" असं विचारलं, आणि खांद्यावर हात ठेवून, आपल्या चुलत्याचं कसं वाटोळं झालं ते सांगितलं.

हिरवी बाटली नागसेननं स्वतःवर तपासली. दुष्परिणाम: डोळ्यांतून पाणी. ते किती, हे मोजण्यासाठी त्याला सरळ बसवून ठेवलं, तेव्हा एका तक्रारदारानं 'संस्थेचे अभियंते आमच्या गल्लीसाठी रडले' असं गावभर सांगितलं. त्यामुळं अपेक्षा वाढण्याचा धोका निर्माण झाला आणि हिरवी बाद झाली.

उरली गुलाबी. तिचे दुष्परिणाम दोन: दात तपकिरी होणं आणि चव बदलणं. दातांचं काही नाही, तंबाखू खाणाऱ्या तालुक्यात तपकिरी दात ही ओळख पटवण्याची खूणच आहे. चवीचा मुद्दा मात्र समितीनं गांभीर्यानं घेतला, कारण हे कोल्हापूर आहे. नागसेननं आठ दिवस गुलाबी द्रवाच्या चुळा भरल्या. नवव्या दिवशी आम्ही त्याला मिसळ खायला नेलं. पहिली प्लेट संपली तरी तो "अळणी हाय" म्हणाला. दुसऱ्या प्लेटीला त्यानं झणझणीत कट मागून घेतला, तिसऱ्या प्लेटीला मालक स्वतः बाहेर येऊन बघत उभा राहिला. निष्कर्ष: जिभेला काही कळत नाही. पुरवणी निष्कर्ष दुसऱ्या दिवशी सकाळी प्राप्त झाला. पोटाला सगळं कळतं. पुढच्या रविवारी मटणाच्या जेवणात तांबडा रस्सा कोणता आणि पांढरा कोणता, हे त्याला डोळे मिटल्यावर सांगता आलं नाही. त्याच्या आईनं दृष्ट काढली.

याच सुमारास समितीनं तज्ज्ञांचं मत घ्यावं म्हणून आकारामभाऊंना शाहूपुरीतल्या दातांच्या डॉक्टर नसरीन शिकलगार यांच्याकडं नेलं. बाईंनी दिवा लावला, आरसा घातला, आणि अर्ध्या मिनिटात म्हणाल्या, "खालची अक्कलदाढ किडलीय. आतमध्ये अन्न अडकतंय वर्षानुवर्षं. काढून टाकू, दहा मिनिटं लागतील. माऊथवॉशची गरज नाही."

आम्ही एकमेकांकडं बघितलं. नागसेननं समितीचा आदेश उघडून पुन्हा वाचला. त्यात 'द्रव' असं स्पष्ट लिहिलं होतं. दाढ हा घन पदार्थ आहे.

"डॉक्टर, ते आमच्या कक्षेत येत नाही," तो नम्रपणे म्हणाला.

"कक्षेत नाही, तोंडात आहे," बाई म्हणाल्या.

दाढ काढण्याचे दुष्परिणाम तपासायला स्वतंत्र समिती लागली असती. आकारामभाऊंनीही घाबरून तोंड मिटलं होतं. आम्ही बाईंचे आभार मानून बाहेर पडलो आणि सातव्या महिन्यात गुलाबी बाटलीवर शिक्कामोर्तब केलं. संस्थेच्या इतिहासात निष्कर्षाला पोचलेली ही पहिलीच समिती. काही सभासद गहिवरले.

आकारामभाऊ दिवसातून दोनदा, पत्रकाप्रमाणं तीस सेकंद, घड्याळ लावून चूळ भरू लागले. तिसऱ्या आठवड्यात वास नाहीसा झाला. दात तपकिरी झाले, जिभेचं लाकूड झालं. बयाबाईच्या हातच्या आमटीत मीठ आहे की नाही हे त्यांना कळेना. पण एका दुपारी बयाबाई वाढून चुलीपाशी गेली नाही. ताटासमोरच बसली आणि बोलायला लागली. थोरलीच्या सासूपासून सुरुवात करून ती त्यांच्या स्वतःच्या लग्नातल्या मानपानापर्यंत मागं गेली. आकारामभाऊ चव नसलेल्या चार भाकरी खाऊन ऐकत बसले. "गुंडू," ते मला म्हणाले, "लई बोलती रं! मला ठावंच न्हवतं." आणि रुमालानं डोळे पुसले.

संस्थेची मात्र पडझड सुरू झाली. तक्रारदार खिडकीपाशी येई, आकारामभाऊ पुढं वाकत, आणि तक्रारदारही पुढं वाके. सरासरी वेळ अडतीस सेकंदांवरून सव्वीस मिनिटांवर गेला. लोक कोपर टेकून उभे राहू लागले. पाइप कुठं फुटलाय, व्हॉल्व्ह कोण फिरवतं, कुणाच्या उसाला रात्रीतून पाणी जातं, हे सगळं सविस्तर नोंदवलं जाऊ लागलं. पहिल्या महिन्यात तीनशे चाळीस तक्रारी झाल्या. धोंडुबाई तर गल्लीतल्या अकरा बायका घेऊन आली, खुर्ची मागून घेऊन बसली, आणि जाताना म्हणाली, "सायेब, बोलायला लई चांगला मानूस हायसा." शेवटी काही तक्रारींवर कारवाई करावी लागली, इथवर परिस्थिती बिघडली. तिच्या गल्लीला पाणी आलं. ढाल गेली.

चेअरमनसाहेबांनी ज्ञापन काढलं: 'कार्यालयीन वेळेत मुखाची पूर्वस्थिती राखण्यात यावी.' आकारामभाऊंना केबिनमध्ये बोलावलं.

"आकाराम, संस्थेचा इचार कर की."

"एकोणीस वर्सं त्योच केला, साहेब."

"अरं, ड्युटीवर तेवढं नको लावू. घरी गेल्यावर लाव."

आकारामभाऊ एरवी साहेबांसमोर बसत नसत. त्या दिवशी बसले. "साहेब," ते म्हणाले, "संस्थेला माझा वास पायजे, आन् बायकोला मी पायजे. संस्था माझ्या ताटापुढं बसत न्हाय." आणि त्यांनी ज्ञापन घडी घालून टेबलावर ठेवलं.

त्यांची बदली नदीकाठच्या पंपघरावर झाली. तिथं बोलायला दोन मोटारी आहेत. पहिल्याच सुट्टीच्या दिवशी ते समितीला न कळवता शाहूपुरीत गेले आणि दाढ काढून घेतली. दहा नव्हे, बारा मिनिटं लागली. बाटली त्यांनी बंद केली. महिन्याभरात जिभेला चव आली, आणि आमटीत मीठ कमी असतं हे त्यांनी बयाबाईला सांगितलं. दोघांचं तेव्हापासून रोज भांडण होतं. पंपघराचा शिपाई सांगतो की ती डबा घेऊन येते आणि संध्याकाळपर्यंत भांडत बसते.

आता प्रश्न खिडकीचा होता. योग्य माणूस निवडण्यासाठी चेअरमनसाहेबांनी समिती नेमली नाही. ते समित्यांना आता भितात. सर्व सेवकांना त्यांनी एकेक करून केबिनमध्ये घेतलं, अगदी जवळ उभं केलं, आणि संस्थेचं पूर्ण नाव मोठ्यानं म्हणायला सांगितलं. नागसेननं दोनदा म्हटलं. मीरासाबनं पत्त्यासकट म्हटलं. दोघंही नापास. माझी पाळी आली. मी "हरित" एवढंच म्हणालो आणि साहेबांनी डोळे मिटून, उरलेलं ऐकण्याची गरज नाही, असं हातानंच सांगितलं. नेमणुकीवर त्यांनी तिथंच सही केली, आणि केबिनची खिडकी उघडली. सतरा वर्षांच्या नोकरीत माझी पात्रता इतक्या झटकन कुणी ओळखली नव्हती.

मी रुजू झालो त्या महिन्यात तक्रारी नऊवर आल्या. आकारामभाऊंना जे जमलं नाही, ते मला जमलं. माझ्या मते सगळा प्रश्न कळकळीचा आहे. माणसाच्या अगदी जवळ जाऊन, मनापासून बोललं की तो वाद घालत नाही.

संस्था आता कागलकडं नवी शाखा उघडते आहे. तिथल्या खिडकीसाठी माणूस हवा आहे, शिक्षणाची अट नाही. तुम्ही बोलायला लागलात की समोरचा लगेच "पटलं, पटलं" म्हणत असेल, चर्चेत तुमच्याशी कुणी फार वेळ वाद घालत नसेल, आणि घरचे तुमचं म्हणणं लांबूनच मान्य करत असतील, तर जरूर अर्ज करा. अर्ज टपालानं पाठवू नये. स्वतः येऊन, जवळ उभं राहून द्यावा.