मागच्या सीटवरचे जर्दाळू

इथे कॅनडात आमच्या शेजारच्या वसंतकाकांच्या गाडीत उन्हाळाभर मागच्या सीटवर माणसाला बसायला मनाई असते. तिथे जर्दाळू बसलेले असतात. अर्धे चिरून, खिडकीच्या जुन्या जाळीवर पसरून, काचा बंद. ऊन सरकलं की काका गाडीही सरकवतात. सकाळी ड्राइव्हवेत, दुपारी रस्त्यावर, संध्याकाळी थेट आमच्या दारात.

"नागपूरचं ऊन असतं तर दोन दिवसांत झाले असते," ते म्हणतात. "या मिल्टनच्या उन्हाला काही कामाची सवयच नाही."

चव? वहाणेला आंबटपणा आला तर तशी लागेल. पहिल्या वर्षी माझ्या दाढेतलं सिमेंट निघालं होतं. तरी काका पिशव्या भरभरून गल्लीभर वाटतात. एक बरणी मात्र बेसमेंटमध्ये वेगळी असते. तीत झाडावरचे सगळ्यात चांगले, आणि वर चिठ्ठी: 'मीरा'.

मीरा म्हणजे त्यांची मुलगी. कॅल्गरीत असते. अंगणातलं ते झाड तिने शाळेत असताना लावलेलं. काकू गेल्यापासून दर उन्हाळ्यात ती "ताजे खायला येते" म्हणते. "फळ काही थांबत नाही," काका म्हणतात, "मग मी थांबवून ठेवतो."

यंदा गणपतीत काका आठवडाभर ऑटव्याला मित्राकडे गेले आणि झाडांना पाणी घालायला किल्ली माझ्याकडे दिली. आरतीला तासभर उरला असताना बायको म्हणाली, "खिरापतीला बेदाणेच नाहीत." मला बरणी आठवली. मीरा तीन वर्षांत फिरकलेली नाही, म्हणजे बरणी बेवारशी, असा कायदा मी जिना उतरता उतरता पास केला. बारीक चिरून चाळीस माणसांना वाटले. दोघांनी तर पुन्हा मागितले.

काका परतले ते वाटेतूनच मला फोन करत. "अरे, मीरा येतेय! शनिवारी! टोरांटोत मीटिंग आहे तिची. बरणी उघडायची आता!"

मी दुकानात पळालो. नारिंगी जर्दाळू सोडले, तपकिरी तुर्की घेतले, कारण काकांचे तपकिरी असतात. किल्ली अजून माझ्याकडेच होती; काका केस कापायला गेल्यावर बरणी भरून ठेवली. तुर्की जर्दाळू मऊ लोण्यासारखे आणि गोड. हे माझ्या लक्षात आलं, पण बरणीचं झाकण लावून झाल्यावर.

शनिवारी मीरा आली. दोन तासांसाठी. काकांनी बरणी पुढे केली आणि मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागलो.

"ओ माय गॉड, बाबा! एक्झॅक्टली आपल्या झाडाचे!" तिने एकामागून एक चार खाल्ले.

"घे, अजून घे," काका म्हणाले. उरलेली बरणी त्यांनी तिच्या बॅगेत कोंबली. तेवढ्यात तिने फोनवरून बोलावलेली टॅक्सी आली आणि ती गेली.

मी घसा खाकरला. "काका, ते जर्दाळू..."

"तुर्की आहेत. झाकण उघडलं तेव्हाच वास आला."

"मी खिरापतीत घातले हो तुमचे. मग बोलला का नाहीत?"

"काहून बोलू? ती खात होती ना." काका रस्त्याकडे पाहत राहिले. "पण चव विसरली रे ती."

मग ते गाडीपाशी गेले आणि मागचं दार उघडलं. जाळी नव्हती. सीट पुसून लख्ख केली होती, एका बाजूला उशीसुद्धा ठेवली होती.

"एअरपोर्टला सोडीन म्हटलं होतं. लहानपणी ती मागेच बसायची, खिडकीशी."

मी दार लावायला हात पुढे केला.

"आता पुसलीच आहे तर बस," काका म्हणाले. "एक चक्कर मारून येऊ."

मी मागे बसलो, खिडकीशी. काका आरशात माझ्याकडे बघून घेत सावकाश गाडी चालवत होते. प्रत्येक वळणावर म्हणत होते, "सांभाळ."