प्रतीक्षायादीतला पहिला क्रमांक

गेरिट हुकस्ट्रा यांना वारून सात महिने झाले होते आणि त्यांचा फोन अजून चालू होता. मुलगी लिनेट दरमहा त्याचं बिल भरत असे. कारण एवढंच, की फोन लावला की 'मी गेरिट, सध्या घरात नाही, निरोप ठेवा' असं ते स्वतःच्या आवाजात सांगत. हे कारण तिने कोणाला सांगितलं नव्हतं, आणि फोन कंपनीनेही विचारलं नव्हतं.

ऑक्टोबरात एका दुपारी तिने त्या फोनवरचे निरोप ऐकले. एकूण पाच होते. एक दाताच्या डॉक्टरचा होता. उरलेले चार हार्मसेल मोटर्स या गाड्यांच्या विक्रेत्याचे, आणि चारही शब्दशः सारखे: "अभिनंदन, मिस्टर हुकस्ट्रा. तुमची केस्ट्रल आली आहे."

केस्ट्रल ही पाचशे अश्वशक्तीची नवी गाडी. बाजारात येण्याआधीच ती संपली होती. गेरिट यांनी एकतीस वर्षं मिशिगनमधल्या एका कारखान्यात ती बनवणाऱ्या कंपनीच्या गाड्यांच्या सीट जोडल्या. त्यांतल्या एकाही सीटवर बसून ते कारखान्याच्या फाटकाबाहेर गेले नाहीत. निवृत्तीनंतर त्यांनी अनामत भरून हार्मसेलकडच्या प्रतीक्षायादीत नाव घातलं आणि कंपनीने ठरवलेल्या किमतीचा कागद लिहून घेतला. दवाखान्यात ते लिनेटला म्हणाले होते, "गाडी आली तर घेऊन ये. पण वर काही देऊ नकोस." ती "बरं" म्हणाली होती. त्या आठवड्यात ती प्रत्येक गोष्टीला बरं म्हणत होती, पण शब्द पाळायचा असं तिने ठरवलं होतं ते या एकाच गोष्टीबद्दल.

ती किमतीचा कागद घेऊन हार्मसेलच्या हडसनव्हिलमधल्या शोरूममध्ये गेली. मधोमध एक पिवळी केस्ट्रल उभी होती. खिडकीवर कंपनीचा छापील दर होता, अठ्ठावन्न हजार डॉलर. त्याच्या शेजारी विक्रेत्याचा दुसरा कागद चिकटवला होता: 'बाजार-समायोजन, वर एकतीस हजार.' त्याखाली बारीक अक्षरात टायरमधल्या खास हवेचे दोनशे.

विक्री व्यवस्थापक क्रेग फायफर यांनी तिला बसवलं आणि कॉफी दिली.

"माझ्या वडिलांची गाडी न्यायला आलेय," लिनेट म्हणाली. "ते मार्चमध्ये गेले."

"फार वाईट झालं." क्रेगनी संगणकात पाहिलं. "यादीत तशी नोंद नाही."

तिने मृत्यूचा दाखला पुढे ठेवला. क्रेगनी तो दोन्ही बाजूंनी वाचला.

"यात निधन झाल्याचं म्हटलंय," ते म्हणाले. "गाडी नको असल्याचं कुठे म्हटलेलं नाही."

"नको नाहीच. मला द्या, म्हणजे झालं."

"क्रमांक वैयक्तिक असतो, मिस हुकस्ट्रा. हस्तांतर होत नाही."

"मग त्यांचं नाव काढा आणि अनामत परत करा."

"नाव काढायला अर्जदाराची सही लागते. त्यांना स्वतः यावं लागेल."

लिनेटने त्यांच्याकडे पाहिलं. क्रेग यांचा चेहरा अगदी सरळ होता. तो तसाच असावा म्हणून त्यांना वर्षातून दोनदा शिकागोला प्रशिक्षणाला पाठवत.

"समजावून सांगतो," ते म्हणाले. "नियमाने प्रत्येक गाडी आधी पहिल्या क्रमांकाला देऊ करायची, छापील किमतीत. त्यांनी तीस दिवसांत उत्तर दिलं नाही, तर ती गाडी खुल्या बाजारात जाते, समायोजनासह. मात्र त्यांनी नकार दिलेला नसल्याने यादी पुढे सरकत नाही. पुढची गाडीही आधी त्यांनाच."

"म्हणजे ते यादीत आहेत तोवर छापील किमतीत कोणालाच गाडी मिळणार नाही."

"त्यांचा हक्क आम्ही डावलू शकत नाही." क्रेगनी आवाज खाली आणला. "मनापासून सांगतो, असा ग्राहक आम्हाला दुसरा नाही. बाकीचे रोज फोन करतात, भांडतात. तुमच्या वडिलांनी सात महिन्यांत एकदाही आवाज चढवला नाही."

"आधीही चढवत नव्हते," लिनेट म्हणाली.

तेवढ्यात दार ढकलून व्हर्न बौमा आत आले. गेरिट यांची शवपेटी उचलणाऱ्या सहाजणांत ते होते. नंतर चर्चच्या तळघरात हॅमचे पाव खाता खाता गेरिट यांच्याबद्दल सगळ्यांत जास्त वेळ तेच बोलले होते. ते यादीत दुसरे होते.

"काय क्रेग, हलली का रांग?"

"नाही. पहिले गृहस्थ अजून विचार करतायत."

"एकोणीस महिने झाले. कसला विचार करतोय तो माणूस?"

"व्हर्न," लिनेट म्हणाली, "तो माणूस म्हणजे डॅड."

व्हर्ननी टोपी काढली. मग ती कुठे ठेवावी हे न कळून पुन्हा घातली.

"मला नुसतं जी. एच. दाखवतात गं," ते म्हणाले. "मी समजलो, असेल कोणीतरी मोठा सर्जन. चर्चमध्ये बसून मी त्याला काय काय बोललोय."

"रविवारी मी सगळ्यांना सांगणार आहे," लिनेट म्हणाली. "यादीतली निम्मी माणसं आपल्याच चर्चची आहेत."

क्रेग उठले आणि तिला आतल्या खोलीत घेऊन गेले. पाच मिनिटांत सगळं जमलं. पिवळी गाडी, छापील किंमत, समायोजन नाही, टायरमधली हवा फुकट. 'सद्भावना विक्री' या सदराखाली, यादीच्या बाहेर. त्याबदल्यात कुठे काही बोलायचं नाही आणि एका फॉर्मवर कुटुंबाच्या वतीने सही करायची; आता ती चालणार होती. फॉर्मवर एकच प्रश्न होता: अर्जदाराला गाडी अजूनही हवी आहे का? हो किंवा नाही.

'नाही'वर खूण केली असती तर नाव निघालं असतं. रांग पुढे सरकली असती आणि ही गाडी छापील किमतीत व्हर्नना मिळाली असती. लिनेटला हे कळत होतं. तिने पेन उचललं. शेवटच्या आठवड्यात वडिलांना पाण्याचा पेला धरवत नव्हता, पण गाडीचं माहितीपत्रक ते दोन्ही हातांनी धरून ठेवत. त्यांना गाडी हवी होती. 'नाही' लिहिणं खोटं ठरलं असतं.

तिने 'हो'वर खूण केली.

ती किल्ली घेऊन बाहेर आली तेव्हा व्हर्न गाडीपाशीच उभे होते. त्यांनी किल्लीकडे पाहिलं, मग खिडकीकडे. तिथला दुसरा कागद क्रेग हळूच, न फाटेल असा, सोलून काढत होते. पुढच्या गाडीला तो लागणार होता.

"यादीत आता पहिलं कोण आहे?" व्हर्ननी विचारलं.

"डॅडच," ती म्हणाली, आणि ते चिडण्याची वाट बघू लागली. चिडले असते तर तिला बरं वाटलं असतं.

व्हर्ननी उघड्या दारातून सीटच्या शिवणीवरून बोट फिरवलं आणि तिच्या कानाशी वाकले.

"आमचे म्हातारे वडील चौऱ्याऐंशीचे आहेत. हृदय अगदीच कच्चं. दुसरा विक्रेता गाठून त्यांचं नाव आत्ताच घालून ठेवलं, तर मलाही असंच जमेल का गं?"

लिनेट गाडीत बसली. आरसा नीट केला, काच खाली घेतली.

"सोमवारी सकाळी घेऊन जा त्यांना," ती म्हणाली. "तेव्हा गर्दी नसते."