वजा चाळीस

वीरधवलनं सुट्टीवर आल्या आल्या गाडीचा मेंदू बदलायचं ठरवलं आणि तिथनंच हे सगळं सुरू झालं.

ठरवायला दुसरंही पुष्कळ होतं. न्हाणीघराची कडी तीन वर्षं लागत नव्हती (आत गेलेल्या माणसानं मोठ्यानं गाणं म्हणत राहायचं, असा घरचा नियम होता). पण वीरधवल लष्करात गाड्या दुरुस्त करणारा हवालदार. त्याला कडी दिसत नाही, इंजिन दिसतं. आणि इंजिन तरी कुठलं, तर वडिलांच्या वीस वर्षं जुन्या पांढऱ्या गाडीचं. तिच्यातला कॉम्प्युटर मागच्या पावसात भिजून मेला होता. कंपनी म्हणाली, तो आता मिळत नाही. मग वीरधवलनं बाहेरचा मागवला. खोक्यातून वहीएवढा एक काळा डबा निघाला. त्याला ईसीयू म्हणतात.

"ह्यो कोरा असतोय," त्यानं बायकोला समजावलं. "पेट्रोल किती सोडायचं, ठिणगी कवा टाकायची, सगळं लॅपटॉपवरनं शिकवायला लागतंय. आज जन्मलेल्या पोरागत."

क्रांतीनं मांडीवरच्या आठ महिन्यांच्या लेकीकडं बघितलं आणि तिला त्या डब्याचीही काळजी वाटायला लागली. क्रांती शाळेत सातवीपर्यंतच गेली, पण काळजी या विषयात ती फार पुढं गेलेली होती. बाळ झोपलं की श्वास चालतोय का बघायची. बाळ उठलं की झोप पुरी झाली का, याचा घोर. रहिमतपुरात भर मे महिन्यात दोन स्वेटर आणि कानटोपी घालून फिरणारं ते एकच बाळ होतं.

वीस दिवस अंगणात शिकवणी चालली. डबा शिकत होता आणि चुकला की सायलेन्सरातनं बार काढत होता. पहिल्या बाराला म्हशीनं दावं तोडलं, शेजारच्या बयाबाईंनी ताकाचं भांडं सोडून दिलं आणि रिटायर सुभेदार असलेले सासरे हंबीरराव सवयीनं बाजेखाली पालथे पडले. रोज तीस-चाळीस बार निघायचे. पाचव्या दिवशी मात्र क्रांतीच्या लक्षात आलं की, एवढं कान फाटायची वेळ आली तरी पाळण्यातली पोर ढिम्म हलत नाही.

तिनं मोबाईलवर शोधलं. तिथं लिहिलं होतं, या वयात बाळ नावानं हाक मारल्यावर वळून बघतं, न बघितल्यास तज्ज्ञांना दाखवा. तिनं पाठीमागं उभं राहून हाक मारली. पोरीनं बघितलं नाही. दुसऱ्या दिवशी मारली, तिसऱ्या दिवशी मारली. पोर आपली पायाचा अंगठा चोखत बसलेली. क्रांतीनं त्या दिवशी भाकरी करपवल्या आणि मिरजेच्या कानाच्या डॉक्टरांचा नंबर लावला. महिन्यानंतरची तारीख मिळाली, दुपारी एक वाजताची. ती चुकली तर पुढची आणखी दोन महिन्यांनी.

तोवर वीरधवलची सुट्टी संपली. गाडी मांजरागत घुरघुरायला लागली होती. जाताना त्यानं लॅपटॉप क्रांतीच्या हाती दिला.

"मला कुठलं जमतंय?" ती म्हणाली.

"सातवीला गणितात किती हुतं?"

"बासष्ट."

"बास. तेवढ्यात भागतंय."

नंबराच्या दिवशी सकाळी साडेसातला हंबीररावांनी चालकाची जागा घेतली. क्रांती मागं बसली, मांडीवर पोर, शेजारी लॅपटॉप, पायाशी पाण्याच्या चार बाटल्या, दोन पाळणादोऱ्या आणि एक उशी (कुठल्या प्रसंगासाठी, ते तिलाही सांगता आलं नसतं).

गाव सुटलं न सुटलं तोच मागं काळा धूर पसरला. पुसेसावळीच्या अलीकडं गाडीनं पहिला बार काढला. रस्त्याकडेला उसाला पाणी पाजणारा माणूस खोऱ्यासकट खाली बसला.

"धूर काळा. आवाज एक. नुकसान न्हाई," हंबीररावांनी अहवाल दिला.

क्रांतीनं आधी पोरीकडं बघितलं. पोर गाढ झोपलेली. पापणीसुद्धा हलली नाही.

"मामंजी, आवाज मोठा हुता का बारका?"

"तोफंएवढा हुता."

हे ऐकून क्रांतीचा उरलासुरला धीर गेला. तिनं कवठेमहांकाळला आईला फोन लावला. हरणाबाई मिरजेत दवाखान्यात येणारच होत्या. रेंज अर्धी येत होती, अर्धी जात होती.

"आई, ईसीयूत बिघाड हाय गं. मिरजंपर्यंत टिकला म्हंजे देव पावला. लय धूर सोडतोय. मधीच बंद पडतोय."

"काय? कुठं हाय म्हणालीस?"

"ईसीयू, ईसीयू," क्रांती ओरडली आणि फोन कटला.

विट्याच्या पुढं, साडेदहाच्या सुमाराला, गाडीनं लागोपाठ तीन बार काढले, एक उचकी दिली आणि बाभळीखाली उभी राहिली. पुन्हा चालू होईना. हंबीररावांनी बॉनेट उघडलं आणि त्याच्यापुढं सावधान उभे राहिले. पोर तशीच झोपलेली. क्रांतीला आता दोन घोर होते आणि कुठला आधी लावून घ्यावा, ते कळत नव्हतं.

तिनं नवऱ्याला फोन लावला. तो उत्तरेत कुठंतरी बर्फाच्या डोंगरात होता, नेमकं कुठं ते सांगायची परवानगी नव्हती. नशिबानं लागला.

"घाबरू नको," वीरधवल म्हणाला. "डॅशबोर्डाखालची वायर लॅपटॉपला जोड. जोडलीस? आता चावी अर्धी फिरवून ठेवायला सांग. टेबल उघड."

क्रांतीनं गाडीत इकडंतिकडं बघितलं. "आवं, टेबल घरी ऱ्हायलं."

"लॅपटॉपमधलं गं. चौकटी-चौकटीचं असतंय. पाढ्यांच्या तक्त्यागत."

"मग पाढं म्हणा की. हाय. रंगीत हायती."

"त्याला हात लावू नको. वरच्या बाजूला गोल घड्याळं दिसत्यात, त्यावरचं आकडे वाच."

क्रांती एकेक आकडा वाचायला लागली. वीरधवल हूं हूं करत होता. चौथ्या घड्याळाशी ती थांबली. तिथं थर्मामीटरचं चित्र होतं. तिनं आकडा दोनदा बघितला. पदर तोंडाला लावला.

"काय झालं?"

"तुमी मला सांगितलं का न्हाई?"

"काय सांगितलं न्हाई?"

"तिकडं एवढी थंडी हाय ते. वजा चाळीस. माणूस जगतंय का एवढ्यात? तरी म्हणता मी बरा हाय. मी दिलेलं स्वेटर घातलंय का आत?"

"क्रांती, हितं अकरा डिग्री हाय. ऊन पडलंय. मी बनियनवर हाय."

"बनियनवर," क्रांती जवळजवळ किंचाळली. "वजा चाळीसमधी."

"अगं माझं न्हाई ते. लॅपटॉपला माझं कसं कळंल? ते इंजिनाच्या पाण्याचं तापमान हाय."

"विट्याला वजा चाळीस?"

"न्हाई. त्यो सेन्सर तुटलेला असला की तसं दावतंय. आबांना फोन दे."

हंबीररावांनी फोन हातात धरला, बॉनेटमध्ये वाकले आणि मुलाच्या सूचनांप्रमाणं शोधाशोध केली. मग कमरेवर हात ठेवून सरळ झाले.

"दोन तारांची पिन म्हणतोस ती सापडली. बसलेली न्हाई. लोंबतिया."

"धक्क्यानं सुटली असंल."

"धक्क्यानं न्हाई. तिला दुधाच्या पिशवीचा तुकडा गुंडाळून वरनं रबर लावलंय. दोन वेढं. लय व्यवस्थित काम हाय."

फोन स्पीकरवर होता.

"क्रांती," वीरधवल म्हणाला.

"काल सांजंला विजा चमकत हुत्या," क्रांती हळू आवाजात म्हणाली. "टीव्हीची पिन काढली. फ्रिजची काढली. मिक्सरची काढली. मामंजींनी पाणी बघायला बॉनेट उघडलं हुतं. म्हटलं, एवढी नवी वस्तू, हिलाबी पिना हायती, जळली तर पोरीला मिरजंला न्यायची कशी? सगळ्या न्हाई काढल्या. हाताला आली ती एकच काढली."

"मग परत लावायची."

"टीव्हीची लावली की. ही ध्यानातनं गेली."

हंबीररावांनी रबर काढलं, ते नीट मनगटात घातलं आणि पिन टक्कन बसवली. लॅपटॉपवरचा आकडा वजा चाळीसवरनं उडी मारून ब्याऐंशीवर आला. (एवढा उकाडा क्षणात वाढलेला क्रांतीनं आयुष्यात बघितला नव्हता.)

"आता त्या डब्याला शहाणपण आलं," वीरधवल म्हणाला. "पिन न्हाई म्हटल्यावर त्याला वाटलं, इंजिन गारठलंय. मग गरम करायला त्यो नुसता पेट्रोलवर पेट्रोल ओतत हुता."

क्रांतीला डब्याचं मनापासून पटलं. लेकरू गारठलंय असं वाटल्यावर दुसरं कोण काय करणार? तिनं पोरीची कानटोपी आणखी थोडी खाली ओढली.

अ‍ॅक्सिलेटर पार दाबून धरून हंबीररावांनी स्टार्टर मारला. गाडीनं साठलेला धूर ओकून टाकला आणि मांजरागत घुरघुरायला लागली. तासगाव यायच्या आधीच पोर जागी झाली आणि खिडकीतनं द्राक्षाच्या बागा बघायला लागली. गाडी गपगुमान चालली होती. क्रांतीला तेच टोचायला लागलं.

"मामंजी."

"हूं."

"आता ती जागी हाय. जरा गाडी थांबवून ती पिन परत काढली तर? एकच बार. हलतिया का बघते आणि लगेच लावते."

हंबीररावांनी आरशातनं सुनेकडं बघितलं. सैन्यात अठ्ठावीस वर्षं काढलेला माणूस. पण असला हुकूम त्यांना कुणी दिला नव्हता. त्यांनी गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकली आणि मिरज येईपर्यंत मान वळवली नाही.

दवाखान्याशी पोचले तेव्हा एक वाजून वीस मिनिटं झाली होती. क्रांती पोरीला छातीशी धरून जिना चढली आणि वरच्या पायरीवर तिच्या आईनं हंबरडा फोडून तिला मिठी मारली. हरणाबाईंच्या मागं भावकीतली अकरा माणसं मयताला निघाल्यागत डोक्याला टापशी बांधून उभी होती.

"कुठं ठेवलंय?" हरणाबाईंनी विचारलं.

"कुणाला?"

"ते मी काय सांगू? तूच म्हणालीस, आयसीयूत हाय, टिकत न्हाई. आमी तिकडं दारात बसलो सकाळधरनं. ते म्हणत्यात, असला पेशंट न्हाई. म्हटलं, लपवत्यात."

"आई, ईसीयू म्हणाले मी. गाडीचा असतोय. डबा."

हरणाबाईंनी डोळे पुसले आणि रागानं जावयाच्या वडिलांकडं बघितलं. "गाडीला आयसीयू?"

"तरी मी म्हणत हुतो," भावकीतले लालासाहेब म्हणाले, "सुभेदार तर समोरनं चालत येत्यात. मग ठेवलंय कुणाला?"

एक फायदा मात्र झाला. तिकडनं हाकलल्यावर ही अकरा माणसं कानाच्या डॉक्टरांच्या दारात येऊन बसली होती, त्यामुळं डॉक्टरांना जेवायला बाहेर पडता आलं नव्हतं. ते उपाशी पोटी खुर्चीत होते. क्रांतीला आत घेतलं.

डॉक्टरांनी पोरीच्या पाठीमागनं खुळखुळा वाजवला. पोर वळली. डाव्या बाजूनं घंटी वाजवली. वळली. मग कागद चुरगाळला, अगदी हळू. त्यालाही वळली आणि कागद मागितला. मशीन लावून झालं.

"कान उत्तम आहेत," डॉक्टर म्हणाले.

"मग बाराला का हलत न्हाई? आज चार झालं."

"बार रोज होतात?"

"दिवसाला तीस-चाळीस. वीस दिवस चाललं हुतं."

"पहिल्या दिवशी दचकली होती का?"

क्रांतीनं आठवलं. "लय. तीन दिवस रडत हुती."

"मग चौथ्या दिवसापासून तिनं नाद सोडला असणार. तिला तो तुमच्या अंगणातला रोजचा आवाज झाला. माझ्या घरी मिक्सरचा होतो तसा."

क्रांतीच्या छातीवरनं अर्धं ओझं उतरलं. उरलेलं अर्धं तिनं सोडलं नाही. "पण नावानं हाक मारली तरी बघत न्हाई. महिनाभर मारतिया मी."

डॉक्टरांनी फाईल बघितली आणि पोरीच्या मागं जाऊन म्हणाले, "राजेश्वरी."

पोर कागद खात होती.

"राजेश्वरी."

"बघा," क्रांती म्हणाली. तिचे डोळे भरून आले.

डॉक्टरांनी फाईल बाजूला ठेवली. "घरात हिला याच नावानं हाक मारता?"

"छ्या. घरात नाव घ्यायचं न्हाई म्हणून मीच सांगितलंय सगळ्यांना. वर्षाची होईस्तवर. नजर लागती. तपासायपुरतं तेवढं मीच घेते, दिवसातनं एकदा."

"मग काय म्हणता?"

क्रांती लाजली. दाराशी उभ्या हंबीररावांनी घसा साफ केला आणि हळूच म्हणाले, "धोंडे."

पोर गर्रकन वळली आणि आजोबांकडं बघून दोन दात दाखवून हसली.

डॉक्टरांनी पेन उचललं, कागदावर काहीतरी लिहिलं आणि क्रांतीपुढं सरकवलं. औषधाचं नाव नव्हतं. सातवी शिकलेल्या माणसाला वाचता येईल अशा सरळ अक्षरात लिहिलं होतं: बाळाला तिचं नाव सांगावं, दिवसातून तीन वेळा.

क्रांतीनं ते दोनदा वाचलं, कागदाची घडी घातली आणि दारापर्यंत जाऊन परत आली.

"डॉक्टर," तिनं काळजीनं विचारलं, "जेवायच्या आधी का नंतर?"