अश्वजितची न दिसलेली कंबर

"शुक्रवारचा साखरपुडा खलास!" केशवराव गरजले आणि रिमोट असा आपटला की शेजाऱ्यांचाही टीव्ही बंद पडला म्हणे.

पडद्यावर त्यांचा होणारा जावई अश्वजित रॉक अँड रोल गात होता. खांदे उडत होते, केस कपाळावर आपटत होते, पुढच्या रांगेतल्या बाया तोंडावर हात धरून बसल्या होत्या. पण कॅमेरा काही केल्या कमरेखाली उतरेना.

"पण पप्पा, वाईट असं दिसलं काय तुम्हाला?" संघप्रियानं विचारलं.

"दिसलं नाही, म्हणूनच तर! दाखवण्यासारखं असतं तर लपवलं असतं का?"

"नाचला असेल! बिघडलं काय? मी लग्न करीन तर त्याच्याशीच!" तिनं ताट सरकवलं.

केशवरावांनी संतापून ओळखीच्या सगळ्यांना फोन लावले. सकाळी अख्ख्या नईम मोहल्ल्यात बातमी होती की पोरानं कंबर हलवली आणि स्टुडिओचा पडदा फाटला. दुपारपर्यंत खांब तडकला होता, ड्रमवाला बेशुद्ध होता. केशवरावांच्या बायकोनं, इंदुबाईंनी तर खांबाची फट केवढी, तेही मैत्रिणींना हातानं दाखवलं.

संध्याकाळी अश्वजित आला. "जयभीम काका. माझी कंबर हललीच नाही हो!"

"खोटारड्या!"

"मग चला ना अदलियाला, स्टुडिओत. कार्यक्रम इलियासभाईंचा आहे, त्यांनाच विचारा."

अख्खं घर तणतणत स्टुडिओत धडकलं. इलियासभाई आधीच वैतागलेले. "रिहर्सलला ह्याची कंबर बघून मला घाम फुटला. सांगितलं, हललास तर लाइट बंद करीन. तरी भरवसा नाही, म्हणून कॅमेरा वरच ठेवला. दुसऱ्या कॅमेऱ्यात अख्खा आहे. बघा नि मला सोडा!"

सगळ्यांनी पाहिलं. वर वादळ, खाली दोन बांबू. पायाचा अंगठासुद्धा हलला नव्हता.

अश्वजितची छाती फुगली. "बघितलंत?"

"बघितलं!" संघप्रिया भडकली. "ह्या ओंडक्यासाठी मी घरात भांडले? उपाशी राहिले? आय फॉट फॉर धिस?"

"आणि मी काय सांगू सगळ्यांना?" इंदुबाई अश्वजितवरच खेकसल्या. "खांब कोणी तडकवला मग?"

केशवराव लालेलाल झाले. त्यांनी आधी दार लावून घेतलं.

"इलियासभाई, हे आत्ताच्या आत्ता पुसून टाका! लोकांनी बघितलं तर माझ्या जावयाला काय म्हणतील?"