सातवा नियम आणि ताईचा लाल स्वेटर

आमच्या फोटोग्राफी क्लबच्या स्पर्धेत या वर्षी पहिला नंबर माझाच होता, हे आधीच सांगून ठेवतो. उगाच कुणाचा जीव टांगणीला नको. फोटोच तसा होता! आमच्या भाऊजींची पिठाची गिरणी. आत सगळं पांढरंफटक: भिंती, यंत्र, पोती आणि खुद्द भाऊजी. पापण्यांवरसुद्धा पीठ. आणि दारात नुकतीच आलेली ताई, लालभडक स्वेटरमध्ये. पहिला आलेला फोटो वर्षभर वाचनालयाच्या दर्शनी भिंतीवर लागतो. ताई जाऊन खिळासुद्धा बघून आली होती.

पण परीक्षकांनी निकाल अडवला. नियम क्रमांक सात: फोटोच्या एका भागाचे रंग ठेवून बाकीच्या भागांचे काढू नयेत. हल्ली लोक कॉम्प्युटरवर सगळा फोटो काळापांढरा करतात आणि एखादं फूल तेवढं लाल ठेवतात. मीही तेच केलंय, असा त्यांचा संशय. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी कणाचाही रंग काढला नव्हता. तो पिठाने काढला होता, आणि पीठ काही क्लबचं सभासद नाही.

परीक्षकांच्या अध्यक्षबाई निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांनी शांतपणे मूळ फोटो मागितला. तो नव्हता. अंतिम यादीत माझं नाव लागलं, त्या नोटीस बोर्डाचे फोटो काढायला कार्डात जागा हवी होती, म्हणून मी कार्ड पुसलं होतं. माझ्या नावाचे त्रेसष्ट फोटो आहेत, हवे तर देतो, असं मी म्हणालो. त्यांना नको होते. मग मी छाती पुढे काढून सगळ्यांना गिरणीच बघायला बोलावलं. शनिवार सकाळ ठरली.

भाऊजींना मी फोनवर एवढंच सांगितलं की परीक्षक गिरणी बघायला येताहेत. इथेच माझं चुकलं. वीस वर्षांत त्यांच्याकडे दळण घेऊन सगळे आले, बघायला म्हणून कुणी आलं नव्हतं. त्या माणसाने दोन दिवस गिरणी बंद ठेवली. आम्ही पोचलो तर भिंती पोपटी, दार निळं, आणि धुतल्यावर यंत्र चक्क नारिंगी निघालेलं. भाऊजी पिवळ्या शर्टात, भांग पाडून उभे. परीक्षकांनी फोटोकडे पाहिलं, गिरणीकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे पाहिलं.

मी भाऊजींना गिरणी चालू करायला सांगितलं. ते तयार होईनात. भिंतींचा रंग अजून ओला होता.

"भाऊजी, मी चारचौघांत खोटा ठरतोय," मी म्हणालो.

त्यांनी एकदा नव्या भिंतींवरून नजर फिरवली आणि धान्याचं पोतं उचललं. सफाईत काढलेली पिठाची कापडी नळी परत बसवायची राहिली होती, त्यामुळे दिवसभराचं काम पाच मिनिटांत झालं. भिंती पांढऱ्या, भाऊजी पांढरे, तिन्ही परीक्षक पांढरे! अध्यक्षबाईंनी चष्मा पुसला, चहूकडे पाहिलं आणि रंग काढलेला नाही असं वहीत लिहिलं. भाऊजींनी टाळ्या वाजवल्या, त्यातून आणखी पीठ उडालं. अभिमानाने माझा ऊर भरून आला, थोडा पिठानेही.

तेवढ्यात ताई परीक्षकांसाठी चहा घेऊन दारात आली, मुद्दाम फोटोतलाच स्वेटर घालून. अध्यक्षबाई फोटो घेऊन तिच्या शेजारी उभ्या राहिल्या. फोटोतला स्वेटर टोमॅटोसारखा लाल. ताईच्या अंगातला, सोळा हिवाळे धुऊन धुऊन, विटका गुलाबी.

"हा लाल कुठून आला?" त्यांनी मला विचारलं.

"तो मी थोडा वाढवला," मी म्हणालो. "रंग काढू नये असं लिहिलंय. घालू नये असं कुठे लिहिलंय?"

वहीतली ओळ खोडली गेली. ताईने मात्र फोटो हातात घेतला आणि बराच वेळ बघत राहिली.

"घेतला तेव्हा अगदी असाच होता रे," ती म्हणाली.

फोटो आता तिच्या घरी लागलाय. आणि सातव्या नियमाच्या शेवटी "किंवा वाढवू नयेत" असे तीन नवे शब्द आलेत. ते माझ्यामुळे आलेत, हे मी क्लबमध्ये येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. कसे आले, ते भाऊजी सांगतात.